पानावरचा आडवा हात

सांगलीत लग्नाच्या पंगतीला यंत्रगाड्या वाढायला लागल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी पानापुढे थांबते, गोड आवाजात "जिलबी?" असं विचारते आणि माणूस नको म्हणाला की मुकाट्याने पुढच्या पानाकडे सरकते. सांडलवंड नाही, उष्टं नाही, कुणाच्या शर्टावर मठ्ठा नाही. मकरंदराव गुळवण्यांना हा प्रकार म्हणजे बुडत्या काळाची खूण वाटायची. नको म्हटल्यावर निघून जाते तिला वाढपी म्हणायचं की बस, असं ते भेटेल त्याला विचारत.

मकरंदराव वीजमंडळातून निवृत्त झालेले, पण गावात त्यांना त्या कामासाठी कुणी ओळखत नव्हतं. त्यांची ख्याती होती आग्रहाची. नातलगांत कुठेही कार्य असो, जिलबीचं ताट यांच्या हातात. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, तर हे त्याच्या बोटांच्या फटीतून मठ्ठा ओतायचे. नात्यातला एक जावई बिचारा पान सोडून उभा राहिला, तर यांनी जिलबी त्याच्या खिशात घातली. "माझ्या पंगतीत आजवर कुणावर मागायची वेळ आली नाही," हे त्यांचं ब्रीद. ते खरंच होतं म्हणा. मागायला आधी भूक लागावी लागते, आणि मकरंदराव ती कुणाला लागूच देत नसत.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या.

केतकी एकतीस वर्षांची. कृष्णेच्या पुराचा अंदाज बांधणाऱ्या कचेरीत नोकरी, विश्रामबागेत स्वतःचं छोटं घर, स्वभाव शांत. लहानपणापासूनचा आजार होता, तो दबा धरून बसला होता आणि आता उठला. दिवसाआड घरच्या घरी डायलिसिस चालायचं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की यंत्र रक्त धुतं खरं, मात्र हिचं हृदय थकत चाललंय, या वर्षात नवी किडनी बसली पाहिजे. कारखान्यात वाढवलेल्या किडन्या अजून चाचणीतच होत्या. आई वृंदाताईंना मधुमेह, त्यामुळे त्या बाद. मकरंदरावांनी डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शर्ट वर करून कुठली घेता ते विचारलं होतं. डावी की उजवी?

आता इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. पूर्वी एकाची किडनी दुसऱ्याला जुळावी लागायची. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्या परक्या अवयवाला चोर समजून मारायला धावतात. मग एक औषध निघालं. देणाऱ्याच्या थोड्या पेशी आधी घेणाऱ्याच्या अंगात सोडायच्या आणि औषधाच्या मदतीने पहारेकऱ्यांना शिकवायचं, की बाबांनो, हा घरचाच माणूस आहे. ते शिकले, की कुणाचीही किडनी कुणालाही चालते. औषध तेवढं रोज, वेळच्या वेळी, जन्मभर घ्यावं लागतं.

झेप मोठी होती, पण तिच्यापायी एक जुनी सोय गेली. आधीच्या काळात एखाद्या बापाला मनातून किडनी द्यायची नसली, तर डॉक्टर त्याला बाजूला घेऊन खरं काय ते विचारत आणि बाहेर येऊन घरच्यांना सांगत, की जुळत नाही हो, काय करणार. बाप सुटायचा आणि घरही टिकायचं. आता सगळ्यांचं सगळ्यांशी जुळायला लागलं आणि लपायला जागाच उरली नाही. सोसायटीतल्या बायका जिन्यात गाठून विचारायच्या, तुम्ही अजून दिली नाहीत? आईबाप हसतमुखाने इस्पितळात यायचे आणि भुलीच्या टेबलावर थरथरायचे. शेवटी कायदा झाला. अवयव देणारा स्वखुशीने देतोय का हे यंत्राने तपासायचं, आणि घेणाराही स्वखुशीने घेतोय का तेही तपासायचं. कारण भिडेपोटी अवयव घेतलेली माणसं पुढे औषधं चुकवतात, असं दिसून आलं होतं.

त्या यंत्राचं सरकारी नाव ऐच्छिकतामापक. ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून लोक त्याला 'होनको' म्हणायला लागले. डोक्यावर तारांची टोपी आणि समोर दिव्याची पट्टी. माणूस काही बोलतो त्याच्या किंचित आधी मेंदूत तयारी सुरू होते. स्वतःच्या मनाने बोलणाऱ्याची तयारी एका भागात होते. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलणाऱ्याचा मात्र वेगळाच भाग आधी जागा होतो, लोकांचे चेहरे वाचणारा. होनको एवढंच बघायचं, की तुम्ही बोलण्याआधी आत बघितलंत की बाहेर. आत बघितलं तर हिरवा, बाहेर बघितलं तर लाल. फक्त प्रत्येकाचा मेंदू निराळा, म्हणून आधी चार साधे प्रश्न विचारून यंत्राला त्या माणसाचं खरं बोलणं ओळखायला शिकवावं लागे.

मिरजेच्या ज्या इस्पितळात हे यंत्र होतं, तिथे डॉक्टर नसरीन मुजावर ते काम बघत. मकरंदरावांना नियमाप्रमाणे सकाळपासून चहा दिलेला नव्हता. बाईंनी त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली, वाफाळता चहा समोर ठेवला आणि हवा का म्हणून विचारलं.

मकरंदराव म्हणाले, नको, कशाला उगाच त्रास. बाईंनी पुन्हा विचारलं, खरंच नको? नको हो, आत्ताच झाला. बिस्किट? छे, छे, पोट भरलंय. बोलताना त्यांची नजर कपावरून हलत नव्हती. यंत्राने निमूटपणे शिकून घेतलं, की हा गृहस्थ खरं बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत हे असं होतं. मग बाईंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला, मुलीला किडनी द्यायची आहे का. मकरंदराव बेंबीच्या देठापासून हो म्हणाले आणि पट्टी लालभडक झाली.

मुजावरबाई जन्माने मिरजेच्या, त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. यंत्र परदेशात बनलेलं, त्याला काय ठाऊक, की आपल्याकडे पहिला नको हा नुसता घसा साफ करण्यापुरता असतो. त्यांनी आधीचं सगळं पुसलं, चहाचा कप मकरंदरावांना मुकाट्याने प्यायला लावला आणि नवा प्रश्न विचारला. पंगतीतल्या यंत्रगाड्यांबद्दल तुमचं मत काय? मकरंदराव सुटले. बाईंनी हात जोडून थांबवेपर्यंत ते बोलत होते आणि यंत्राला त्यांचं खरं बोलणं कायमचं पाठ झालं. त्यानंतर किडनीला त्यांनी दिलेला हो इतका हिरवा निघाला, की शेजारच्या खोलीतला तंत्रज्ञ बघायला आला.

मकरंदराव टोपी काढून राजासारखे बाहेर आले. सगळ्या सोसायटीला पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्या दिवशी केतकीची पाळी आली.

तिने चहा हवा होता तर हवा म्हटलं, बिस्किट नको होतं तर नको म्हटलं. यंत्र लगेच तयार. मग बाईंनी विचारलं, वडिलांची किडनी घ्यायची आहे का. केतकी हो म्हणाली आणि पट्टी लाल झाली.

मकरंदरावांना वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, पोरगी लाजतेय. नको म्हणणाऱ्यावर त्यांच्याकडे आयुष्यभर एकच इलाज होता, तो त्यांनी काढला. आधी शुभदाआत्याला पाठवलं. आत्याने केतकीसमोर बसून बापाच्या प्रेमावर प्रवचन दिलं आणि येताना डोळे पुसत आली. मग दर सकाळी केतकीच्या फोनवर तिचे लहानपणचे फोटो जायला लागले, प्रत्येकात मकरंदराव तिला काहीतरी भरवताहेत. शेवटी तर ते स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेऊन तिच्या घरी गेले, ती तिच्या डोक्यावर ठेवली आणि समोर बसून सराव घ्यायला लागले. म्हण हो. असं नाही, पोटातून म्हण. आता मी नाहीये असं समज आणि म्हण. केतकी डोक्यावरची चाळणी सावरत हो हो म्हणत राहिली.

दुसऱ्या तपासणीत पट्टी पहिल्यापेक्षा लाल झाली.

या खेपेला मुजावरबाईंनी केतकीला बाहेर बसवलं आणि मकरंदरावांना आत बोलावलं. पडद्यावर केतकीच्या मेंदूचा आलेख होता. हो म्हणण्याच्या क्षणभर आधी चेहरे वाचणारा भाग दिवाळीसारखा उजळला होता.

"ती कुणाचा चेहरा वाचत होती, ते यंत्र सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण काका, मला कळतंय आणि तुम्हालाही कळतंय."

मकरंदराव चिडले. पोटची पोर मरणाच्या दारात आहे आणि बाप देतोय, यात दबाव कसला? पाण्यात बुडणाऱ्याला आधी स्वखुशी विचारायची का? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की देण्याचा हक्क तुमचा, तो तुम्ही पुरेपूर बजावलात, पण घेण्याचा हक्क तिचा आहे आणि नको म्हणता आल्याशिवाय हो म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. एकदा विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उत्तर आल्यावरही गप्प बसा.

हातात ताट नसताना आणि बोलण्यात आग्रह नसताना कुणाला काही विचारायचं, हे मकरंदरावांनी जन्मात केलं नव्हतं.

रविवारी केतकी जेवायला आली. तिच्या पथ्याचं, बिनमिठाचं जेवण होतं. मकरंदराव भात वाढायला उठले. केतकी पुरे म्हणाली आणि सवयीने पानावर आडवा हात धरला. भाताचा डाव त्या हाताच्या वर येऊन थांबला. तिथेच हवेत राहिला आणि परत भातात गेला. मकरंदराव खाली बसले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. वृंदाताईंना वाटलं, यांना चक्कर आली, त्या पाणी घेऊन धावल्या.

केतकीने हात काढायला बराच वेळ घेतला. मग ती पानाकडे बघत बोलायला लागली. लहानपणी तू वाढलेलं मी सगळं खायचे, म्हणाली, आणि मागच्या दारी जाऊन ओकून यायचे. पुन्हा येऊन बसले, की तू म्हणायचास, बघ, जागा झाली की नाही.

"बाबा, तुझी किडनी घेतली, की मला तुला कधीच कशाला नको म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "मी नोकरी बदलायची म्हटलं, लग्न करायचं नाही म्हटलं, तरी ती आतून तुझ्या बाजूने बोलेल. मला जगायचंय रे. पण पोट फुटेस्तोवर नाही."

मकरंदरावांना एवढं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. वाद घालावा, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. दहा उत्तरं तयार होती, दहाही बिनतोड. ती सगळी गिळून त्यांनी विचारलं, "केतकी, माझी किडनी घेशील?"

"नको."

"बरं," मकरंदराव म्हणाले.

वृंदाताईंनी हातातला चमचा आपटला. जन्मभर जिथेतिथे आग्रह केलास मकरंद, त्या म्हणाल्या, जावयांच्या खिशात जिलब्या कोंबल्यास, आणि आज पोरीच्या जिवाची वेळ आली तर बरं म्हणतोस? त्या उठून आत गेल्या. खरं तर त्या रडायला गेल्या होत्या, आणि थोड्या वेळाने मकरंदरावही कोठीच्या खोलीत जाऊन रडले. बाप रडला हे सांगायला लाजायचं कारण नाही. त्याला पोर जाईल अशी भीती वाटत होती आणि त्या भीतीचं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढचे दिवस कठीण गेले. सोसायटीत कुजबुज सुरू झाली, की गुळवण्यांनी पेढे वाटले आणि आता माघार घेतली. शुभदाआत्याने बोलणं टाकलं. मकरंदरावांनी कुणालाच खुलासा केला नाही, ही त्यांच्या स्वभावातली क्रांतीच म्हणायची. ते दिवसाआड केतकीच्या घरी जायचे, डायलिसिस चालू असेपर्यंत शेजारी बसायचे आणि नदीची पातळी, धरणातला विसर्ग असल्या गोष्टी बोलायचे. किडनीचं नावही काढायचे नाहीत. तिचे पाय सुजलेले दिसायचे, जिन्याच्या दोन पायऱ्यांत धाप लागलेली ऐकू यायची. अशा वेळी ते खिशात हात घालून बोटं घट्ट मिटून धरायचे. केतकीही त्यांच्याकडे अधूनमधून चोरून बघायची. हा माणूस कधी फुटतोय याची ती वाट बघत होती. पण ते काही फुटले नाहीत.

असंच एकदा डायलिसिसचं यंत्र घरघरत असताना केतकीने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, मला किडनी हवी आहे. तुझी देतोस?"

मकरंदराव लगेच हो म्हणाले नाहीत. यात मोठी गंमत आहे बघा. आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारायच्या आत ते शर्ट वर करून मोकळे झाले होते. आता मुलगी मागत होती, आणि मागितल्यावर माणसाला नाही म्हणायची मुभा असते. त्यांना पहिल्यांदाच टेबल दिसलं, सुरी दिसली, एका किडनीवर काढायचं उरलेलं आयुष्य दिसलं.

"तू नाही म्हणालास तरी चालेल," केतकी म्हणाली. "मी उद्याही तुझी मुलगीच असेन."

"भीती वाटते गं," मकरंदराव म्हणाले. आणि मग म्हणाले, "देतो. पण एक आहे. एकदा दिली की ती तुझी. तिला काय खायला घालायचं ते तुझं तू बघ."

केतकी हसायला लागली. तिला हसताना धाप लागली, तरी ती हसत राहिली.

मिरजेला दोघांची पुन्हा तपासणी झाली. केतकीचा हो हिरवागार आला. मकरंदरावांचा हो हिरवाच आला, पण तो आधीसारखा झळाळता नव्हता, मधून मधून थरथरत होता. मकरंदराव ओशाळले. आधीचा चांगला होता, म्हणाले, तोच धरता येणार नाही का? मुजावरबाईंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, आधी तुम्ही फक्त देण्याकडे बघत होतात, या खेपेला काय देतोय तेही बघितलंत, आणि मला सही करायला हाच जास्त बरा वाटतो.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. केतकीच्या अंगात गेल्या गेल्या किडनी कामाला लागली. मकरंदरावांनी शुद्धीवर येताच पहिला प्रश्न तोच विचारला आणि उत्तर ऐकून पुन्हा झोपी गेले. काही दिवसांनी दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर हलवलं. केतकीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. वृंदाताई दोन्ही खाटांच्या मधे बसून कधी इकडे, कधी तिकडे बघत होत्या, आणि शुभदाआत्याने फोनवर पुन्हा बोलायला सुरुवात केली होती.

त्या दुपारी मकरंदरावांना पहिल्यांदाच पोटभर जेवायची परवानगी मिळाली. जेवणाची गाडी घेऊन आलेली सिस्टर सांगलीचीच, अगदी घरच्यासारखी. मऊ भात, वर मेतकूट आणि तूप. एवढ्या दिवसांच्या उपासानंतर मकरंदरावांना तो अमृतासारखा लागला. वाटी बघता बघता रिकामी झाली. सिस्टरने पुन्हा डाव उचलला आणि अजून थोडा घ्या काका म्हणाली.

"नको, नको," मकरंदराव म्हणाले आणि त्यांनी वाटीवर आडवा हात धरला. हात धरताना त्यांनी बोटं मात्र चांगली फाकवून ठेवली होती.

सिस्टर हसून पुढे सरसावली. एवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"सिस्टर, ते नको म्हणालेत ना," केतकी म्हणाली.

सिस्टर थबकली. बरं म्हणाली, भाताचं पातेलं झाकलं आणि गाडी ढकलत दरवाज्याकडे निघाली. मकरंदरावांनी मुलीकडे बघितलं. मुलगी छताकडे बघत होती, अगदी गंभीर चेहऱ्याने. मेतकुटाचा वास गाडीबरोबर लांब लांब चालला होता. दरवाजा उघडला, गाडीचं पुढचं चाक बाहेर गेलं.

मकरंदराव गुळवण्यांनी वाटीवरचा हात काढला, वाटी पुढे केली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मागितलं.

"सिस्टर, भूक लागलीय. थोडा वाढता का?"